साथ नसताना साथीचं खातं काय करतं?

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर झाली, तेव्हा फ्रान्सच्या आरोग्यमंत्री होत्या रोझलिन बाशलो. त्यांनी लशीचे ९ कोटी ४० लाख डोस मागवले. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास, पण माणशी दोन डोस द्यावे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. शिवाय सरकारी गोदामांत मास्कच्या थप्प्या लावून ठेवलेल्या होत्या; साधे सर्जिकल मास्कच सुमारे १०० कोटी. पुढे साथ भीती होती तेवढी मारक निघाली नाही. एकाच डोसनं भागतं हेही कळलं. लस घ्यायला साठ लाख लोकही आले नाहीत आणि जानेवारी २०१० मध्ये पाच कोटी डोसची मागणी रद्द करावी लागली. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी चौकशी समित्या नेमल्या, उधळपट्टीचे हिशेब मांडले गेले, आणि कुणी अति खबरदारी घेतली की बाशलोबाईंचं नाव घ्यायची पद्धत पडली.

त्यानंतरच्या दहा वर्षांत कोणी मोठा निर्णय घेऊन मास्कचा साठा मोडीत काढला, असं घडलं नाही. २०१३ मध्ये धोरण बदललं आणि कर्मचाऱ्यांसाठी लागणारे मास्क ज्याचे त्यानं ठेवावेत असं ठरलं. साठे सांभाळण्यासाठी २००७ च्या कायद्यानं उभी केलेली 'एप्रुस' नावाची स्वतंत्र संस्था २०१६ मध्ये एका मोठ्या आरोग्य संस्थेत विलीन झाली. मुदत संपलेले मास्क नष्ट होत गेले आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत. मार्च २०२० मध्ये करोना दारात उभा होता, तेव्हा सरकारी साठ्यात सुमारे १५ कोटी सर्जिकल मास्क उरले होते. दवाखान्यात काम करणाऱ्यांना लागणारे जाड, घट्ट बसणारे मास्क सरकारकडे शिल्लक नव्हते.

साथीची तयारी करणाऱ्या सरकारी संस्था समजून घ्यायच्या असतील, तर माझ्या मते सुरुवात या गोष्टीपासून करावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आधी खणून ठेवलेल्या विहिरीतही दरवर्षी गाळ साचतो. तो काढणारा माणूस, त्याची मजुरी आणि त्याची शिडी यांची सोय पाऊस चांगला झालेल्या वर्षीही करावी लागते. या संस्थांचं बहुतेक काम हे असं गाळ काढण्याचं आहे, आणि म्हणूनच ते बाहेरून दिसत नाही.

हे कोणाचं काम?

आरोग्य खातं तर प्रत्येक देशात असतं, मग आणखी वेगळी संस्था कशाला? कारण आरोग्य खात्याचा दिवस आजच्या रुग्णांत जातो. बाळंतपणं, क्षयरोग, मधुमेह, रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा. कधी येईल ते ठाऊक नसलेल्या रोगाची फाईल अशा टेबलावर कायम तळाला जाते. म्हणून अनेक देशांनी हे काम वेगळं काढलं. अमेरिकेनं २००६ मध्ये 'बार्डा' ही संस्था कायद्यानं उभी केली. साथ किंवा जैविक हल्ला झाला तर लागतील अशा लशी, औषधं आणि चाचण्या तयार करवून घेणं हे तिचं काम. युरोपीय संघानं सप्टेंबर २०२१ मध्ये 'हेरा' स्थापन केली. ब्रिटननं त्याच वर्षी आरोग्य सुरक्षा संस्था उभारली. दक्षिण कोरियानं आपल्या रोगनियंत्रण केंद्राचा दर्जा सप्टेंबर २०२० मध्ये वाढवून त्याला स्वतंत्र अधिकार दिले. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून २०१७ पासून 'आफ्रिका सीडीसी' ही रोगनियंत्रण संस्था चालवली आहे. 'सेपी' ही २०१७ मध्येच सुरू झालेली संस्था थोडी वेगळी. ती कुठल्या एका सरकारची नाही. नॉर्वे आणि भारत ही दोन सरकारं आणि काही मोठ्या संस्था तिच्या संस्थापकांत आहेत, आणि लस संशोधनाला पैसा पुरवणं हे तिचं काम.

नावं लक्षात ठेवायची गरज नाही. बारकाईनं पाहिलं तर या सगळ्यांची कामं तीन-चारच आहेत: साथ लवकर ओळखायची, ती अडवायला लागणाऱ्या वस्तू आधी बनवून घ्यायच्या, त्या वापरण्याजोग्या ठेवायच्या आणि वापरायचा सराव करायचा. त्यातलं वस्तू बनवून घेण्याचं काम सगळ्यात कमी समजलेलं आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. पण आधी ओळखण्याविषयी.

पहिला रुग्ण कसा सापडतो

साथ पहिल्यांदा दिसते ती साध्या डॉक्टरच्या टेबलावर. ताप, खोकला, धाप. यातलं काहीच नवं नसतं. वेगळं काय आहे हे कळायला तो डॉक्टर चौकस लागतो, त्याला नमुना पाठवायला जवळ प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेनं 'हे नेहमीचं नाही' म्हटलं तर फोन कोणाला करायचा ते ठाऊक असावं लागतं. ही साखळी जिथे तुटते तिथे आठवडे वाया जातात.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे, एखादी घटना इतर देशांनाही धोक्याची ठरू शकते असं लक्षात आलं की २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं लागतं. नियम चांगला आहे. पण घड्याळ सुरू होतं ते देशाला स्वतःला कळल्यावर, आणि न कळण्यावर कुठलाच नियम चालत नाही.

त्यामुळे आता रुग्ण दवाखान्यात यायच्या आधीच माग काढायचे मार्ग शोधले जातात. त्यातला मला सर्वांत हुशारीचा वाटणारा मार्ग म्हणजे सांडपाणी. अनेक विषाणू शौचावाटे बाहेर पडतात, आणि ज्याला काहीच लक्षण नाही अशा माणसाच्या शरीरातूनही पडतात. शहराच्या मैलापाण्याचा एक नमुना म्हणजे लाखो लोकांची एकत्र तपासणी. ना कोणाला टोचायचं, ना कोणाचं नाव लिहायचं. २०२२ मध्ये लंडनच्या मैलापाण्यात पोलिओचा विषाणू पुन्हा पुन्हा सापडू लागला. शहरात एकालाही लुळेपणा आला नव्हता. तरी ऑगस्टमध्ये लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना वाढीव डोस देण्याचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यात मात्र आधी एका तरुण माणसाला पक्षाघात झाला आणि मग सांडपाण्यात शोध सुरू झाला. यातला फरक त्या एका माणसाला आयुष्यभर सोसावा लागणार आहे.

ओळखण्याच्या बाबतीत धडा घेऊन सुधारलेल्या देशाचं नाव विचाराल तर मी दक्षिण कोरियाचं घेईन. मे २०१५ मध्ये मध्यपूर्वेतून परतलेला एक प्रवासी आजारी पडला. त्याला मर्स (करोना कुळातल्या एका विषाणूमुळे होणारा श्वसनाचा गंभीर आजार) झाला आहे हे कळेपर्यंत तो एकामागून एक दवाखाने फिरला होता. कोणत्या रुग्णालयांत संसर्ग झाला आहे हे सरकारनं आधी जाहीरच केलं नाही, म्हणून लोक नकळत त्याच रुग्णालयांत जात राहिले. मध्यपूर्वेच्या बाहेरची मर्सची ती सर्वांत मोठी साथ ठरली: १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. चाचण्याही पुरेशा नव्हत्या, कारण नव्या चाचणीला परवानगी मिळण्याची नेहमीची वाट लांबलचक होती.

साथ ओसरल्यावर त्यांनी कायदे बदलले. आणीबाणीत नव्या चाचणीला झटपट तात्पुरती परवानगी देण्याची सोय केली, रुग्ण कुठे कुठे जाऊन आला ही माहिती लोकांना देणं बंधनकारक केलं. १७ डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या तज्ज्ञांनी टेबलाभोवती बसून एक सराव केला. कल्पना अशी, की चीनहून परतलेल्या एका कोरियन कुटुंबाला कारण न कळणारा न्यूमोनिया झाला आहे. आता काय कराल? महिनाभरानं, २० जानेवारी २०२० ला, देशात पहिला खराखुरा रुग्ण सापडला. आठवड्यात अधिकाऱ्यांनी सोलच्या रेल्वे स्थानकातल्या एका खोलीत चाचण्या बनवणाऱ्या कंपन्यांना बोलावलं आणि सांगितलं, चाचणी बनवा, परवानगी लगेच देतो. ४ फेब्रुवारीला पहिल्या किटला परवानगी मिळाली. त्या दिवशी देशात वीसही रुग्ण नव्हते.

ज्याला गिऱ्हाईक नाही तो माल

आता वस्तू बनवून घेण्याकडे येऊ.

इबोलाचा विषाणू १९७६ पासून माहीत आहे. कॅनडात विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर एक लस तयार केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: लस दिलेल्या माकडांना इबोलापासून पूर्ण संरक्षण मिळालं. एवढी चांगली बातमी. पुढची नऊ वर्षं ती लस एकाही चाचणीत माणसाला दिली गेली नाही. यात कोणाची दुष्टाई नव्हती. लस माकडापासून माणसापर्यंत आणायला काही वर्षं आणि अफाट पैसा लागतो. कंपनी तो घालते तेव्हा विचारते, पुढे विकत कोण घेणार? इबोला तेव्हा मधूनमधून दुर्गम खेड्यांत उद्भवायचा, काही शे माणसं दगावायची आणि साथ विझायची. औषध कंपनीच्या हिशेबात याला बाजारपेठ म्हणत नाहीत.

मग २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला शहरांत शिरला. त्या वेळी कॅनडा जागतिक आरोग्य संघटनेला देऊ शकला ते हजारभर डोस. माणसांवरच्या पहिल्या चाचण्या त्याच वर्षी घाईनं सुरू झाल्या. २०१५ मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना कडं करून लस देण्यात आली, आणि लस उत्तम चालते हे सिद्ध झालं. पण तोवर साथ उतरणीला लागली होती. एकूण २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, ११ हजारांहून अधिक मरण पावले. लस २००५ मध्ये शीतपेटीत होती. हे वाक्य लिहिताना मला आजही अस्वस्थ वाटतं.

ही पोकळी भरणं हे बार्डा, हेरा, सेपी यांसारख्या संस्थांचं मूळ प्रयोजन आहे. सरकार इथे संशोधक नसतं, कारखानदारही नसतं. ते आगाऊ सांगणारं गिऱ्हाईक असतं. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, मागून ढकलायचं: संशोधन आणि चाचण्यांचा खर्च टप्प्याटप्प्यानं द्यायचा, लस शेवटी फसली तरी दिलेले पैसे गेले असं धरून चालायचं. दोन, पुढून ओढायचं: 'लस झाली तर इतके डोस या भावानं आम्ही घेऊ' असं लिहून द्यायचं.

नुसत्या ओढण्यानं काय होतं हे अमेरिकेनं पैसे मोजून पाहिलं. २००४ मध्ये 'बायोशील्ड' नावाचा कायदा झाला आणि दहा वर्षांसाठी ५६० कोटी डॉलर बाजूला काढले गेले. त्यातलं पहिलं मोठं कंत्राट ८७ कोटी ७५ लाख डॉलरचं: अँथ्रॅक्सच्या नव्या लशीचे साडेसात कोटी डोस. घेणारी कंपनी लहान होती, आणि माल हाती आल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. लस ही ठरल्या तारखेला तयार होणारी वस्तू नाही. अडचणी आल्या, मुदती हुकल्या, मधल्या काळात तग धरायला पैसा नव्हता. डिसेंबर २००६ मध्ये कंत्राट रद्द झालं. त्याच महिन्यात नव्या कायद्यानं बार्डा जन्माला आली, आणि टप्पा गाठला की त्या टप्प्याचे पैसे देण्याची मुभाही मिळाली. प्रयोगशाळेतलं यश आणि बाजारात येणारं औषध यांच्यामधल्या या पट्ट्याला या क्षेत्रातले लोक 'मृत्यूची दरी' म्हणतात, कारण चांगली चांगली संशोधनं तिथे अडकून संपतात.

मग २०२० मध्ये लस एवढ्या पटकन कशी आली, असा प्रश्न अनेकांच्या मनात अजून आहे, आणि त्या घाईचा संशयही आहे. घाई कमी होती, पूर्वतयारी जास्त होती. करोना कुळातल्या विषाणूंच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. ती आपला आकार बदलतात, त्यामुळे शरीराला नेमकी कशाची ओळख करून द्यायची हा पेच होता. मर्सच्या विषाणूवर काम करताना शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनात दोन छोटे बदल करून ते योग्य आकारात 'गोठवायची' युक्ती काढली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. आरएनए लशींवरही, म्हणजे विषाणूचं प्रथिन कसं बनवायचं याची सूचनाच शरीराला देणाऱ्या लशींवरही, अनेक वर्षं सरकारी पैसा लागलेला होता. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली, तेव्हा साचा तयार होता. त्यात नवं नाव भरायचं होतं. १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला चाचणीची लस टोचली गेली आणि २ डिसेंबरला ब्रिटननं एका लशीला तातडीच्या वापराची परवानगी दिली.

याच अनुभवातून पुढची कल्पना आली. पुढची साथ कोणत्या विषाणूची, हे कोणी सांगू शकत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोक्याच्या रोगांच्या यादीत 'रोग एक्स' असं नावच घातलं होतं. पण माणसाला लागण करणाऱ्या विषाणूंची कुळं मोजकी आहेत, सुमारे २५. प्रत्येक कुळातल्या एकेका प्रतिनिधीवर लस आधीच बनवून, निदान सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत नेऊन ठेवली, तर त्याच कुळातला अनोळखी भाऊबंद आला तरी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ओळख पटल्यापासून १०० दिवसांत लस, हे सेपीनं ठेवलेलं ध्येय या विचारावर उभं आहे.

असं काम मध्येच थांबवलं की काय होतं, याची मला काळजी वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं बार्डाचे आरएनए लशींचे २२ प्रकल्प गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एकूण रक्कम जवळपास ५० कोटी डॉलर. त्यातल्या पैशांची मोजदाद सोपी आहे. प्रशिक्षित माणसं दुसऱ्या कामाला लागली, यंत्रं विकली गेली, चाचण्यांचे स्वयंसेवक विखुरले की ते पुन्हा गोळा करायला किती वर्षं लागतील, हा खर्च कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

साठा म्हणजे गोदाम भरणं नव्हे

साठ्याची गोष्ट ऐकायला सोपी वाटते: विकत घ्या, कुलूप लावा. पण औषधं, लशी, हातमोजे, मास्कची रबरी पट्टीसुद्धा, सगळं हळूहळू कामातून जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यातून २००९ मध्ये सुमारे साडेआठ कोटी एन-९५ मास्क बाहेर गेले आणि ती जागा पुन्हा नीट भरली गेली नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं सार्सच्या साथीनंतर साडेपाच कोटी एन-९५ मास्क जमवले होते. त्यांची मुदत संपली आणि २०२० यायच्या आधीच नष्ट करणं सुरू झालं होतं. मुदत संपली यात गैर काही नाही. ती संपणारच होती, तारीख खोक्यावर छापलेली होती. त्या तारखेच्या आधीच्या वर्षी नव्या खरेदीची तरतूद झाली नाही, चूक तिथे आहे.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. मुदत जवळ आलेला माल रोजच्या वापरासाठी रुग्णालयांना द्यायचा आणि त्याच्या जागी ताजा ठेवायचा. उत्पादकाशी करार करायचा की अमुक इतका माल त्यानं आपल्याच गोदामात सतत फिरता ठेवावा. लशींच्या बाबतीत युरोपनं आणखी एक पाऊल टाकलं. २०२३ मध्ये हेरानं काही उत्पादकांशी करार केले: तुमचा कारखाना, माणसं आणि कच्चा माल तयार ठेवा, साथ आली की वर्षाला ३२ कोटी ५० लाख डोसपर्यंत बनवून द्या, आणि नुसतं तयार राहण्याचे पैसे आम्ही दरवर्षी देतो. इथे सरकार एकही लस विकत घेत नाही. ते वेळ विकत घेतं. हिशेब तपासणाऱ्याला हा खर्च 'काहीच न मिळता' झालेला दिसेल, आणि तो तसा दिसू नये यासाठी समजावून सांगणं हेही या संस्थांचं काम आहे.

एमपॉक्सच्या लशीचा प्रवास यात सगळंच दाखवतो. देवी रोग १९८० मध्ये जगातून हद्दपार झाला, पण तो विषाणू कोणी हल्ल्यासाठी वापरला तर, या भीतीनं अमेरिकेनं २००३ पासून एका नव्या, अधिक सुरक्षित लशीला पैसा पुरवला. तीच लस एमपॉक्सवर, म्हणजे पूर्वी मंकीपॉक्स म्हटल्या जाणाऱ्या देवीच्याच कुळातल्या रोगावर, चालते. म्हणजे २०२२ मध्ये एमपॉक्स पसरला तेव्हा लस शोधावी लागली नाही, ती होती. पण साठ्यातल्या दोन कोटींहून अधिक डोसची मुदत आधीच संपून गेली होती. जी लस होती तिचा मोठा भाग डेन्मार्कमध्ये मोठ्या भांड्यांत गोठवून ठेवलेला होता. तो कुप्यांत भरायला वेळ लागला. आणि ज्या काँगोत हा रोग कित्येक दशकं लोकांना होत होता, तिथे लशीची पहिली खेप, सुमारे ९९ हजार डोस, पोचली ५ सप्टेंबर २०२४ ला. ती हेराच्या मार्फत आलेली देणगी होती.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. साथीच्या नावाखाली केलेली प्रत्येक खरेदी शहाणपणाची असते असं नाही. ब्रिटननं फ्लूच्या एका औषधाच्या साठ्यावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले, आणि पुढे सगळ्या चाचण्यांचे तपशील मिळाल्यावर त्याचा उपयोग किती यावर गंभीर शंका घेतल्या गेल्या. म्हणून या संस्थांनी काय घेतलं, का घेतलं, मुदत कधी संपते, हे उघड ठेवायला हवं असं मला ठामपणे वाटतं. गुप्ततेची गरज असते ती मोजक्या गोष्टींत. मास्कच्या संख्येत ती नसते.

तालीम आणि कागद

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिटननं तीन दिवसांची मोठी रंगीत तालीम केली. नाव 'सिग्नस'. साडेनऊशेहून अधिक लोक त्यात होते: मंत्री, अधिकारी, रुग्णालयं, स्थानिक प्रशासन. कल्पना अशी की फ्लूची भयंकर साथ सातव्या आठवड्यात आहे आणि निम्म्या लोकसंख्येला लागण होणार आहे. निष्कर्ष स्पष्ट निघाला: अशा साथीचा ताण सोसायला देशाच्या योजना आणि क्षमता पुऱ्या पडणार नाहीत. तालीम ज्यासाठी करायची, ते तिनं चोख केलं. पण शिफारशींतल्या अनेक गोष्टी अपुऱ्याच राहिल्या, आणि अहवाल सरकारनं अधिकृतपणे जाहीर केला तो चार वर्षांनी, करोनाच्या मध्यावर. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सार्वजनिक चौकशीच्या पहिल्या अहवालानं आणखी एक गोष्ट दाखवून दिली: देशानं तयारी केली ती चुकीच्या साथीची. सगळी भिस्त फ्लूवर होती. लागण झालेल्यांना शोधून, त्यांचे संपर्क शोधून साथ सुरुवातीलाच अडवता येते, ही शक्यता योजनेत जवळपास नव्हती, कारण फ्लू इतक्या वेगानं पसरतो की त्यात ते जमत नाही असं धरलं होतं.

कागदावरच्या गुणांवर किती विसंबायचं, याचंही उत्तर मिळालेलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये १९५ देशांची आरोग्य-सुरक्षेची क्रमवारी प्रसिद्ध झाली. अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरं. पुढची दोन वर्षं या दोन्ही देशांत किती माणसं गेली ते सर्वांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'मध्ये १७७ देशांचा अभ्यास आला. तयारीचे गुण आणि संसर्गाचं प्रमाण यांचा त्यात ठोस संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो विश्वासाशी: जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर भरवसा जास्त, तिथे संसर्ग कमी.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण विश्वास गोदामात ठेवता येत नाही. पण तो कमावण्याचं काम शांत काळातच होतं. जी संस्था एरवी कधी बोलत नाही, तिनं आणीबाणीत अचानक 'घरात बसा' म्हटलं तर लोक विचारणारच, तुम्ही कोण? कोरियानं २०१५ मध्ये रुग्णालयांची नावं लपवून विश्वास गमावला होता. पुढच्या वेळी रोज ठरल्या वेळी माहिती देऊन तो परत मिळवला. काय ठाऊक आहे, काय अजून ठाऊक नाही आणि उद्या सल्ला बदलू शकतो, हे तिन्ही एका दमात सांगता येणं हे साथीच्या अधिकाऱ्याचं कौशल्य आहे. त्याचंही प्रशिक्षण असतं, आणि कपात करायची वेळ आली की तेच आधी जातं.

आधी कोणाला?

देशोदेशीच्या संस्था आपापल्या लोकांसाठी खरेदी करतात, म्हणून २०२१ मध्ये श्रीमंत देशांत तरुणांना लस मिळत होती तेव्हा गरीब देशांतल्या परिचारिका वाट पाहत होत्या. विषाणूला या रांगेशी देणंघेणं नसतं. तो जिथे अडवला जात नाही तिथे बदलत राहतो. २० मे २०२५ रोजी जिनिव्हात जागतिक महासाथ करार मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं होतं: १२४ देश बाजूनं, विरोधात कोणी नाही, ११ तटस्थ. अमेरिका या प्रक्रियेतूनच बाहेर पडली होती. त्यातलं कळीचं कलम असं, की विषाणूंचे नमुने आणि माहिती देशांनी पटकन वाटून घ्यावी, आणि त्यांवरून लस किंवा औषध बनवणाऱ्या सहभागी कंपन्यांनी महासाथीत उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला निदान निम्मा मोफत. या देवाणघेवाणीची नेमकी पद्धत मात्र वेगळ्या परिशिष्टात ठरायची होती, आणि ती वाटाघाट करार मंजूर झाल्यावरही चालूच राहिली.

करार पूर्ण होण्याची वाट न पाहताही काही गोष्टी जमतात. इबोलाच्या त्याच लशीला २०१९ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. २०२१ मध्ये तिचा जागतिक साठा उभा करण्याचं जाहीर झालं, लक्ष्य पाच लाख डोसचं. साथ होवो न होवो, तो भरत राहायचा आणि थोडा माल धोक्याच्या देशांतच आधी नेऊन ठेवायचा. ४ सप्टेंबर २०२५ रोजी काँगोच्या कासाई प्रांतात, बुलापे नावाच्या भागात, इबोलाची साथ जाहीर झाली. राजधानी किन्शासात सुमारे २,००० डोस आधीपासून ठेवलेले होते. रस्ते अवघड, भाग दुर्गम. तरी दहा दिवसांत दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या संपर्कातल्यांना लस टोचायला सुरुवात झाली, आणि मागून जागतिक साठ्यातले डोस निघाले. ४५ माणसं दगावली. १ डिसेंबरला साथ संपल्याचं जाहीर झालं.